अठरा आठवडे फक्त चिनी

चिनीच्या निवासी वर्गात पहिल्याच दिवशी आमच्याकडून एका कागदावर सही घेतली. अठरा आठवडे चिनी सोडून दुसऱ्या कुठल्याही भाषेत बोलायचं नाही. वर्गात नाही, जेवताना नाही, खोलीतही नाही. मोडलं की गळ्यातल्या कार्डावर लाल फुली, आणि तीन फुल्या झाल्या की प्रमाणपत्र विसरा. सगळ्यांत आधी सही मी केली. पुढे पुढे करायची मला खोडच आहे.

माझी पहिली फुली दुसऱ्याच दिवशी पडली. पलंगाच्या लोखंडी पायावर करंगळी आपटली आणि तोंडातून ‘आई गं’ निघालं. वसतिगृहाच्या बाई नेमक्या दारात उभ्या. त्यांना मराठी कळायचं कारण नव्हतं, पण हे चिनी नाही एवढं कळलं. त्यांनी माझ्या सुजलेल्या बोटाकडे पाहिलं, हळहळल्या, आणि फुली मारली.

आमच्या शिक्षिका त्यांच्याही वरताण. त्या म्हणायच्या, बोलणंच काय, ऐकणंही बंद करा. चिनीत एकाच अक्षराचा सूर चढला-उतरला की अर्थ बदलतो, आणि घरची भाषा कानात गेली की सूर बिघडतात. हे काही कागदावर लिहिलेलं नव्हतं. बाकीची मुलं सर्रास कानात इअरफोन खुपसून घरच्यांचं ऐकायची. मी मात्र शिक्षिकांचा शब्द ब्रह्मवाक्य मानला.

आणि आईचा तर आवाजच आवाज. ती बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत बसते. कुठली गाडी कुठे लागली ते पंचवीस वर्षं ओरडून सांगतेय. घरात वडील नाहीत, दादा बोलला तर बोलला, त्यामुळे घर भरायचं ते तिच्याच आवाजाने. मी निघाले तेव्हा तिचा घसा बसला होता. तो दर चार महिन्यांनी बसायचाच, त्यात कुणाला नवल नव्हतं.

तिला टाइप करायचा भारी कंटाळा. ती बोलून निरोप पाठवायची, दोन-दोन मिनिटांचे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असे सात आले. मी एकही ऐकला नाही. ऐकायचा मोह नको म्हणून आल्या आल्या पुसून टाकायचे, आणि वर स्वतःचीच पाठ थोपटायचे. प्रत्येक निरोपाला माझं उत्तर एकच, ‘टाइप कर.’ सातव्यानंतर तिने नाद सोडला. मग अधूनमधून तिचे दोन-तीन शब्द यायचे, ‘जेवलीस का’, ‘थंडी आहे का’. मी ‘हो’ लिहून चिनी अक्षरं गिरवायला, शाईत कुंचला बुडवायला मोकळी.

तेराव्या आठवड्यात भर दुपारी तिचा फोन आला. आम्ही वर्गाबाहेर उभ्या होतो आणि शिक्षिका माझ्या शेजारीच होत्या. कार्डावर एव्हाना दोन फुल्या होत्या. मी फोन उचलला आणि चिनीत म्हणाले, “मी वर्गात आहे, तू बरी आहेस ना?”

अगदी बसलेल्या आवाजात आई म्हणाली, “तू बोल. मी ऐकते.”

मला चेवच चढला. तिसऱ्या धड्यातला उतारा मी तिला घडाघडा म्हणून दाखवला. आमच्या घरात तीन माणसं आहेत, माझी आई बसस्थानकावर काम करते, माझी आई खूप कष्टाळू आहे. शिक्षिकांनी मान डोलावली. आई म्हणाली, “छान गं,” आणि फोन ठेवला.

अठरावा आठवडा संपला. प्रमाणपत्र हातात आलं, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मी धावत खोलीत आले आणि घरी फोन लावला. दादाने उचलला.

“आईला दे! आता वाटेल तेवढं मराठी बोलते म्हणावं.”

“ती बोलू शकत नाही,” दादा म्हणाला.

“परत बसला का घसा?”

“काढलं. स्वरयंत्र काढलं तिचं. गाठ होती. पाच आठवडे झाले.”

मी पलंगावर बसले. पाच आठवडे, म्हणजे तो दुपारचा फोन.

“तिने तुला फोन केला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं,” तो म्हणाला. “तिला एकदा बोलायचं होतं तुझ्याशी.”

मी त्याच्यावर तुटून पडले. सांगितलं का नाही, कुठला मुहूर्त बघत होतात, मी काय परकी आहे का. त्याने सगळं ऐकून घेतलं. “आईने शपथ घातली होती,” तो म्हणाला. “पोरीचं वर्ष फुकट जाईल म्हणाली.”

मग मला ते सात निरोप आठवले. घरातला दवाखाना माझ्याकडे असतो. गोळी कुठली घेऊ इथपासून आई मलाच विचारते, दादाला विचारून काही निघत नाही. मी फोन खालीवर पिंजून काढला. काहीच नव्हतं.

“दादा, आईच्या फोनवर आहेत का तिचे जुने निरोप?”

“नाहीत. तिचा फोन पडून फुटला, नवा घेतलाय.”

“काय होतं त्यांत? विचार ना तिला.”

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज झाला. ती लिहीत असणार. तिला एवढा वेळ लागतोय म्हणून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दादा एकेक ओळ सपाट आवाजात वाचू लागला.

“विशेष काही नव्हतं. शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरलं ते सांगितलं. एकात विचारलं होतं, घसा दीड महिना झाला सुटत नाही, कुणाला दाखवू का. तू म्हणालीस टाइप कर. एवढ्याशासाठी कुठे टाइप करत बसू, म्हणून राहिलं.”

“डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारलं. “आधी आली असती तर?”

“आवाज वाचला असता म्हणाले,” दादा म्हणाला.

मी म्हटलं, आईच्या कानाला लाव फोन. त्याने लावला असावा. मला खूप बोलायचं होतं, माफी मागायची होती, पण आधी ती ऐकतेय हे कळायला हवं होतं.

“आई, आहेस ना?”

काहीच आलं नाही. मी पुन्हा विचारलं. मग पुन्हा.

शेवटी लांबून दादाचा आवाज आला, “आहे गं. मान हलवतेय.”