मागच्या कोपऱ्यातला पाइप

मर्लबाई दुपारी एक वाजताच जोतं बघायला येऊन थडकली आणि सुनेचं, रोशेलचं, तोंड वाकडं झालं. चार वाजता मर्लबाईला किंगरॉय गावातलं आपलं राहतं घर विकल्याच्या कागदांवर सही करायची होती. त्या पैशांवर मुलगा ग्लेन हे नवं घर उभं करणार होता, आणि त्यातल्या मागच्या दोन खोल्या मर्लबाईच्या. सही होईपर्यंत सासूने घरी गप पडून राहावं, एवढीच रोशेलची इच्छा होती.

मर्लबाईची अट एकच होती. आपला संडास, आपली मोरी. या वयात सुनेच्या न्हाणीघराच्या दारात टॉवेल घेऊन मी ताटकळणार नाही, असं तिने पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं. ग्लेनने लगेच मान डोलावली होती. तो स्वतः प्लंबर, बापाचाच धंदा चालवणारा. पाण्याचे, सांडपाण्याचे, विजेचे पाइप घरात कुठून शिरणार आणि कुठे वर निघणार, हे त्यानेच आखलं होतं आणि त्यानेच पुरलं होतं.

आता लाल मातीवर काळं प्लास्टिक होतं, त्यावर सळ्यांची जाळी, आणि जाळीतून जागोजाग पाइपांची तोंडं वर आलेली. उद्या सकाळी सहाला वर काँक्रीट पडलं की खेळ संपला. मग एक पाइप राहिला म्हटलं तरी जोतं फोडावं लागतं. हे मर्लबाईला कुणी शिकवायची गरज नव्हती. नवऱ्याच्या, लेसच्या, जोडीने तिने तीस वर्षं चर खणले होते.

ती जाळीवरून जपून पावलं टाकत फिरली. स्वयंपाकघराचे पाइप होते, धुण्याच्या खोलीचे होते, पुढच्या दोन मोऱ्यांचे होते. मागच्या कोपऱ्यात मात्र संडासाचा एकच पांढरा पाइप उभा होता.

"तुझं नळाचं पाणी छतातून आणणार आहे, आई," ग्लेन म्हणाला.

तिने विचारलंच नव्हतं. हा मुलगा लहानपणापासून असाच. न विचारता खुलासा करायला लागला की खुशाल समजावं, काहीतरी काळंबेरं आहे. मर्लबाईने बादली मागितली.

रोशेल म्हणाली, "मर्ल, या उन्हात कशाला नसती उठाठेव? तपासणीवाला परवाच सगळं पास करून गेला."

"त्याला इथे संडासाला बसायचं नाहीये," मर्लबाई म्हणाली आणि स्वतःच नळावरून बादली भरून आणली.

थोडं पाणी तिने स्वयंपाकघराच्या पाइपात ओतलं. ते गडगडत निघून गेलं. उरलेलं तिने आपल्या पाइपात ओतलं. पाइप बुडबुडला, काठोकाठ भरला, आणि पाणी उतू जाऊन तिच्या बुटांवर आलं. खाली बूच मारून मातीत रोवलेला नुसता तुकडा होता तो. कुठेच जात नव्हता.

मर्लबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने रोशेलला धारेवर धरलं. तू पहिल्या दिवसापासून माझ्या घरावर डोळा ठेवून होतीस, माझ्या साध्याभोळ्या पोराला फितवलंस, मला काय झुडपामागे बसवणार होतीस का, असं जे जे तोंडाला आलं ते सगळं ती बोलली. रोशेलने हाताची घडी घालून सगळं ऐकून घेतलं.

"झालं बोलून?" ती म्हणाली. "मागे मोठ्या टीव्हीची खोली मलाच हवी होती. दोन-चार वर्षांत तुम्ही वृद्धाश्रमात जाणार, मग तिथे संडास कशाला, हेही मीच म्हणाले. पण तुमच्या तोंडावर सांगू या, असंही म्हणाले होते. हा पाइप तुमच्या लेकाची अक्कल आहे. तपासणीवाला गेल्यावर रोवला त्याने, तुम्ही बघायला याल म्हणून."

या बाईने आजवर मर्लबाईला टोचून टोचून बेजार केलं होतं, पण खोटं कधी बोलली नव्हती. मर्लबाईला ते ठाऊक होतं. ती ग्लेनकडे वळली.

नुसतं "चुकलं, आई" म्हणाला असता तरी चाललं असतं. तिने चारला जाऊन सही केली असती, वर परत येऊन फावडं घेऊन त्याच्याबरोबर चर खणला असता. हे तिला त्या क्षणी पक्कं कळलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला. तरी ती वाट बघत उभी राहिली.

ग्लेनने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"आई, आज सही झाली नाही तर बँक पैसे सोडणार नाही," तो म्हणाला. "उद्या सकाळी आलेली काँक्रीटची गाडी मला दारातून परत पाठवावी लागेल."

"पाठव," मर्लबाई म्हणाली.