मी, जगदेवरावांचा फुटबॉल

मी एक फुटबॉल बोलतोय. खरं तर आता फुटबॉल म्हणावा असा मी राहिलो नाही. चामडं तडकलंय, दाबलं तर बोट आत जातं. पण मी सांगणार आहे ते माझं एकट्याचं नाही.

माझा जन्म सियालकोटचा. तिथल्या कारागिरांनी मला शिवलं आणि आगगाडीने मी ग्वाल्हेरला आलो. तिथल्या लश्कर भागातल्या एका क्लबाने मला अंतिम सामन्यासाठी घेतलं. जगदेवराव त्या क्लबाचे सेंटर फॉरवर्ड. वाडवडील शिंद्यांच्या फौजेत घोडे दौडवणारे, आणि हे माझ्यामागे धावणारे! त्यांचा पाय लागला की मला कळायचं, आता गोलातच जायचं.

त्या दिवशी त्यांचा गुडघा सुजलेला होता. मॅनेजर म्हणाले, "आजचा दिवस काढ, मग आराम कर." त्यांनी दिवस काढला, गोलही केला. पण गोल करताना गुडघा असा मोडला, की आराम जन्माचाच झाला. क्लबाने जिंकलेली ढाल कपाटात ठेवली आणि मला त्यांच्या हातात दिलं.

काही वर्षांनी क्लबाने त्यांनाच मॅनेजर केलं. काठी टेकत ते मला घेऊन मैदानावर यायचे. तिथेच त्यांना मधुसूदन भेटला. गोरखी वाड्याजवळ राहणाऱ्या विजयाबाईंचा एकुलता एक मुलगा, वडील नव्हते. जगदेवरावांना मूलबाळ नव्हतं. त्याला शिकवता शिकवता ते काठी विसरून दोन पावलं पुढे जायचे आणि मग कळवळायचे.

मधुसूदनने क्लबाला पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत नेलं. पण आदल्या खेळात त्याचा गुडघा दुखावला.

"काका, पट्टी बांधा कसके. कुछ नहीं होगा!"

"नाही."

"अख्खं लश्कर बघायला आलंय!"

"येऊ दे. तू बसायचं."

क्लब हरला. लोकांनी जगदेवरावांना भर मैदानात 'डरपोक' म्हटलं, क्लबाने काढून टाकलं. मधुसूदनने बोलणं सोडलं. जगदेवरावांनी मला कपाटावर ठेवलं आणि मैदानाचा रस्ताच टाकला.

मग लढाई पेटली. एके दिवशी मधुसूदन खाकी वर्दीत आला आणि त्यांच्या पाया पडला.

"काका, भरतीच्या डॉक्टरने पाय तपासले. एकदम पक्के, म्हणाला. तुम्हीच राखलेत."

जगदेवरावांनी त्याला पोटाशी धरलं. तो ब्रह्मदेशात गेला आणि तिथेच राहिला.

तो गेल्याची बातमी आल्यावर बऱ्याच दिवसांनी विजयाबाई आल्या. बसल्या नाहीत.

"त्या दिवशी खेळू द्यायला हवं होतंत, जगदेवराव. लंगडा झाला असता. लंगडा तर लंगडा, घरात असता."

जगदेवरावांनी मला कपाटावरून खाली काढलं. "ह्याच्यावरच शिकला तो," एवढंच म्हणाले. विजयाबाईंनी मला पदरात घेतलं आणि घरी नेलं.

पुढच्या रविवारी जगदेवराव त्यांच्या दाराशी येऊन उभे राहिले. आत यायचा धीर होईना. विजयाबाईंनीच हाक मारली. पाणी दिलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "मी त्याला खेळताना पाहिलंच नाही. बायका कुठे जातात मैदानावर? कसा खेळायचा हो?"

जगदेवरावांनी काठी भिंतीला टेकवली, मला अंगणात ठेवलं. "डाव्या अंगाने यायचा. असा..." आणि ते धावले.

आता ते दर रविवारी येतात. माझ्यात उसळी नाही, त्यांच्या पायात जोर नाही. तुम्हाला माझी एकच विनंती आहे. गोरखीवरून जाताना एखाद्या अंगणात पिकल्या केसांचा माणूस लंगडत, धापा टाकत मऊ पडलेल्या चेंडूमागे धावताना दिसला, आणि ओट्यावर एक बाई डोळ्यांची पापणी न हलवता बघत असली, तर हसू नका. तिचा मुलगा खेळतोय.