किरकोळ दोष

मुंगीने संगणकाच्या पडद्यावर, खेळातल्या शिपायाला एका बोळकांडीच्या टोकाला नेऊन उभं केलं आणि कळफलकावरून हात काढून घेतले. मग तिने हेडफोन रुमालाने पुसला, पुन्हा पुसला.

"आता काही करायचं नाही वहिनी. तो नुसता उभा राहिला की थोड्या वेळाने श्वास ऐकू येतो."

"आणि तेवढ्यात कुणी गोळी घातली तर?"

"कुणी येणार नाही. तुम्ही येण्याआधीच मी सगळ्यांना मारून ठेवलंय."

वहिनींनी मान डोलावली, जणू पाहुण्यांसाठी एवढी आवराआवर तर करतातच. पडद्यावर दोन हात होते, एक बंदूक होती आणि समोर ओलसर भिंत.

"याचा चेहरा कुठाय?"

"चेहरा नसतो यात. जो खेळतो तोच शिपाई. आपले म्हणून हात दिसतात आणि श्वास ऐकू येतो, बस."

त्या कचेरीत एकूण पाच टेबलं होती आणि त्यातलं खिडकीजवळचं आता रिकामं होतं. तिथे बसायचे ते वहिनींचे यजमान. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण कुणी एखादा शब्द चुकीचा उच्चारला की ते काम थांबवून तो दुरुस्त करत. या खेळातली दारांची करकर, रिकाम्या काडतुसांची खणखण, चिखलातली पावलं, सगळं त्यांच्या हातचं. शिपायाचा श्वासही त्यांचाच. नट आणण्याची ऐपत नव्हती, आणि आणला असता तरी मास्तरांना तो पसंत पडला नसता. कॉलरला माइक लावून ते मागच्या जिन्याने चार मजले धावत चढायचे आणि वर उभे राहून धापा टाकायचे. शांत श्वास हवा असला की जुन्या गाद्यांनी मढवलेल्या कपाटात जाऊन बसायचे. त्यांना जाऊन दोन महिने झाले होते.

वहिनी आज त्यांच्या वस्तू न्यायला आल्या होत्या. चष्मा, कप आणि चिखलातल्या पावलांसाठी वापरलेले जुने बूट एका खोक्यात भरून दाराशी ठेवले होते. निघता निघता त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या खेळात यांचा श्वास आहे ना गं? घरी यांचं काहीच नाही. फोनमध्ये सगळ्या नातेवाइकांचे आवाज आहेत, यांचा तेवढा नाही. कायम माइकच्या मागे." मुंगीने आपली खुर्ची पुढे केली.

खेळाचे तीन भाग ठरले होते, दोन बाहेर पडले होते. प्रत्येक भाग दोन-अडीच तासांचा, एका दमात संपणारा. एका समीक्षकाने दोन्ही भागांच्या जमेच्या आणि उण्या बाजू मांडल्या होत्या आणि दादाने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, ते कागद भिंतीवर चिकटवले होते. पहिल्या भागात शत्रू मठ्ठ, दारं सगळी एकसारखी, रंगात येतो न येतो तोच खेळ संपतो. पण उगाच पाणी घालून वाढवलेला नाही, गोळ्या मोजून दिलेल्या, आणि शिपायाचा श्वास असा की शेवटी शेवटी त्यात भीती ऐकू येते. दुसऱ्या भागात शत्रूंना अक्कल आली, बंदुकीला वजन आलं. बोळकांड्या मात्र जुन्याच उलटसुलट करून वापरलेल्या, आणि श्वास इस्त्री मारल्यासारखा. 'भीती कुठे गेली?' असं त्याने विचारलं होतं. "उंटावरून शेळ्या हाकायला याचं काय जातं!" असं दादा तेव्हा म्हणाला होता, आणि मास्तरांसकट सगळे हसले होते.

मुंगी हसली नव्हती. भीती कुठे गेली ते तिला ठाऊक होतं.

खेळ खेळून त्यातल्या चुका शोधणं हे तिचं काम. कुठल्याही फटीतून शिरते आणि चावते म्हणून तिला हे नाव मास्तरांनीच दिलं होतं. "आली मुंगी, साखर लपवा रे!" सापडलेली प्रत्येक चूक ती यादीत लिही आणि पुढे तिचं महत्त्व लिही : गंभीर, मध्यम, किरकोळ. दुसरा भाग तपासताना तिने लिहिलं होतं, 'शिपाई स्थिर उभा असताना श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी येते. किरकोळ.' मास्तरांनी ऐकलं, तिच्या कानांचं कौतुक केलं आणि पुढच्या तासाभरात सगळ्या श्वासांमधून ती शिट्टी गाळून टाकली. यादीत त्या ओळीपुढे लिहिलं, 'काढली. दोष बंद.'

त्यानंतर आठ महिन्यांनी त्यांच्या फुप्फुसाचं निदान झालं. डॉक्टर म्हणाले होते, सात-आठ महिने आधी आले असते तर काहीतरी करता आलं असतं. दादाने हे कचेरीत सांगितलं त्या दिवशी मुंगीने यादी उघडून तारीख बघितली. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. पहिल्या भागात ती शिट्टी अजून तशीच होती. म्हणून आज तिने मुद्दाम दुसरा भाग लावला होता.

तिने वहिनींच्या कानांवर हेडफोन बसवला. वहिनी खूप वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी तो काढून मांडीवर ठेवला.

"हे ते नाहीत."

"त्यांचाच आहे वहिनी. मी समोर होते."

"असेल. पण असा श्वास कुणीही घेईल. यांच्या श्वासाला शेवटी बारीक शिट्टी यायची."



"आजारपणात?"

"छे गं, कितीतरी आधीपासून. झोपले की सुरू. मला वाटायचं घोरतात. मग मी कोपर मारायचे, हे कूस बदलायचे, की बंद." वहिनी हसल्या, आणि हसता हसताच त्यांचा चेहरा उतरला. "डॉक्टरांनी विचारलं होतं, आधी काही जाणवलं का म्हणून. मी नाही म्हटलं. घोरणं कुणी सांगतं का?"

इथे गप्प बसणं सोपं होतं. झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती, आणि वहिनी खोकं उचलून एकट्याच ते ओझं घरी घेऊन गेल्या असत्या. ते मात्र मुंगीला सहन होईना. तिने यादी उघडली आणि पडदा वहिनींकडे वळवला.

वहिनींनी ती ओळ बोट ठेवून वाचली.

"किरकोळ म्हणजे?"

"ज्याने खेळ अडत नाही असा दोष."

वहिनींनी तारीख पाहिली. बोटांच्या पेरांवर निदानापर्यंतचे महिने मोजले, आठव्या पेरावर अंगठा थांबला.

"म्हणजे तुलाही ऐकू आली होती."

"हो."

"आणि यांनी आपल्या हाताने काढून टाकली."

"हो."

"तीन माणसं," वहिनी म्हणाल्या, "सहा कान." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मुंगीला वाटलं.

मग वहिनींनी विचारलं, "आहे का ती कुठे? की पुसून टाकलीत?"

"मास्तर मूळचं काही पुसायचे नाहीत."

तिने कपाटात बसून घेतलेला मूळ श्वास शोधून लावला. वहिनींनी हेडफोन चढवला आणि डोळे मिटले. मुंगी शेजारच्या स्टुलावर बसली. तिला ऐकू येत नव्हतं, पण पडद्यावर आवाजाची रेघ दिसत होती : एक फुगवटा, दुसरा फुगवटा, आणि त्याला चिकटलेलं केसाएवढं शेपूट. तीच ती शिट्टी.

पुढे सरकणारी खूण त्या शेपटावर आली आणि वहिनींचं उजवं कोपर मुंगीच्या बरगडीत बसलं. हलकंच, पण नेमकं. वहिनींचे डोळे मिटलेले होते. आपण काय केलं हे त्यांच्या गावीही नव्हतं. पुढच्या शेपटाला पुन्हा बसलं. मुंगी जागची हलली नाही.

तिसऱ्या वेळी कोपर उचललं गेलं आणि मध्येच थांबलं. वहिनींनी ते हळूहळू मागे घेऊन पोटाशी धरलं.

"वाजू दे," त्या म्हणाल्या.

कानांवर हेडफोन असला की माणूस मोठ्याने बोलतो. दादासकट सगळ्यांनी माना वर करून बघितलं.