तक्रारी : निरंक

आपल्या कार्यालयांचा एक फार लाडका शब्द आहे. निरंक! म्हणजे काही नाही, शून्य. महिन्याच्या अहवालात 'तक्रारी' या रकान्यापुढे तो लिहिला की वरचे खूश आणि आपण मोकळे. तक्रार लिहायची तर तीन पानी फॉर्म जोडा, मग वरून दहा प्रश्न येणार. ती उठाठेव सांगितलीय कुणी?

एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईघरातले सुपरवायझर अकरा वर्षं हा शब्द लिहीत होते. माणूस वाईट नव्हता हो! कुणाला बरं नसलं तर हलकं काम द्यायचे, कामगार बायकांशी 'मावशी', 'ताई' असं बोलायचे. पण रकाना आला की हात आपोआप चालायचा.

विद्यापीठाने नवा अभ्यासक्रम काढला होता. साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान यांच्या नजरेने कार्यालयं आणि संस्था समजून घ्यायच्या. रुग्णालयाने सुपरवायझरांना तिथे धाडलं. दर शनिवारी वर्ग.

"तिथे शिकवतात तरी काय?" बायकोने विचारलं.

"कथा-कविता. चादरी धुवायला कविता लागतात म्हणे!"

एका शनिवारी बाईंनी प्रत्येकाला आपल्या कामाचा एक कागद आणायला सांगितला. बाई म्हणजे निवृत्तीला आलेल्या साहित्याच्या प्राध्यापिका. "कविता वाचतो तसाच तो कागद वाचू," त्या म्हणाल्या. सुपरवायझरांच्या पिशवीत एक जुना मासिक अहवाल होताच, सोमवारच्या चौकशीत दाखवायला ठेवलेला. तोच त्यांनी वाचला. "तक्रारी, निरंक."

"हे कोण बोलतंय?" बाईंनी विचारलं.

"मीच की."

"आणि गप्प कोण आहे?"

"गप्प कोण असणार? सगळ्या दिवसभर बडबडत असतात! पण ते तोंडी झालं. तोंडी म्हणजे काही तक्रार नव्हे."

"बरं. त्या महिन्यात तोंडी काय ऐकलंत?"

सुपरवायझरांनी कागद खाली ठेवला.

"एक मावशी होत्या," ते अखेर म्हणाले. "चादरी इस्त्री करायच्या मोठ्या मशीनवर. हात रुळाखाली ओढला जायला लागला की पुढच्या दांडीला धक्का द्यायचा, मशीन थांबतं. त्या म्हणाल्या, 'साहेब, दांडी अडकते हो.' दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, बघू."

"मग?"

"मग दांडी अडकली. हात आत ओढला गेला, फार भाजल्या. आठ दिवस दवाखान्यात काढले त्यांनी. मग गेल्याच त्या. तीन आठवडे झाले त्याला." ते कागदाकडे बघत राहिले. "पूर्वी तक्रार नव्हती, म्हणून कामगाराचा निष्काळजीपणा, असा शेरा लागलाय. सोमवारी तो कायम होईल."

"म्हणजे त्या बोलल्या होत्या," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आणि तुमच्या एका शब्दाने त्या मुक्या ठरल्या. अहो, संस्था म्हणजे इमारत आणि मशीन नव्हे. कुणाचं बोलणं कागदावर येतं आणि कुणाचं हवेत विरतं, त्यावरून संस्था ओळखायची. तो शब्द तुम्ही लिहिलात. खोडायचा कुणी?"

सुपरवायझर भर वर्गात रडले.

सोमवारी ते चौकशीला उभे राहिले. त्यांच्या वरच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं, "अहवाल द्या आणि गप्प बसा. उगाच पायावर धोंडा पाडून घेऊ नका." पण ते बोलले. "मावशींनी मला दोनदा सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. निष्काळजीपणा माझा आहे!"

शेरा रद्द झाला. सुपरवायझरांवर कारवाई सुरू झाली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही, उलट जरा हलकंच वाटलं. बाहेर बाकावर मावशींची मुलगी बसली होती. ते हात जोडून तिच्यासमोर गेले. ती रागावेल, ओरडेल, असं त्यांना वाटलं होतं.

"आईने सांगितलं होतं?" तिने विचारलं. "खरंच सांगितलं होतं?"

"हो, ताई."

"साहेब, मी तीन आठवडे आईवर चिडून होते. तुमचा तो शेरा मला खरा वाटला. रोज तिच्या फोटोपुढे उभी राहून म्हणत होते, जरा सांभाळून काम करायला काय झालं होतं तुला!" तिने पदर तोंडाला लावला. "आता तिची माफी कशी मागू?"

सुपरवायझर तिच्या शेजारी बाकावर बसले.

मित्रहो, कुणी जाता जाता, कामाच्या गडबडीत, चाचरत काही सांगितलं, तरी ते सांगितलेलंच असतं. ते कागदावर आणणं हे ऐकणाऱ्याचं काम आहे. घरी असो, कचेरीत असो, पुढच्या वेळी 'बघू' म्हणण्याआधी थांबा आणि सांगणाऱ्याच्या देखत लिहून घ्या. ते माणूस पुन्हा सांगायला येईलच, या भरवशावर राहू नका.