नऊशे ऐंशी मीटर

त्या शाळेचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे. नुसतं 'शाळा' म्हटलं की भागायचं. सिंगापुरात इतरही शाळा आहेत, त्यांतही मुलं शिकतात, मोठी होतात, काही तर माझ्यासारखी नोकरीलाही लागतात. पण माझी बायको ह्वी पेंग त्यांना 'इमारती' म्हणायची.

पहिलीच्या प्रवेशाचा नियम तसा सोपा आहे. आई-बापांपैकी एकाने आधीच्या वर्षभरात शाळेची चाळीस तास फुकट सेवा केली, तर त्यांच्या मुलाचा अर्ज जरा लवकर बघतात. त्यातही जागा कमी पडल्या, आणि त्या पडतातच, तर आधी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणारे, मग दोन किलोमीटरच्या आतले, मग उरलेलं जग. ज्या गटात जागा संपतात त्या गटाची चिठ्ठी काढतात. आम्ही पुंगोलला राहत होतो, शाळेपासून तेरा किलोमीटर. म्हणजे उरलेल्या जगात.

पुंगोलचं घर मोठं होतं. खिडकीखाली कालवा, समोर एक रिकामं गवताळ मैदान, त्यात बगळे. माझे वडील रोज संध्याकाळी गळ घेऊन कालव्यावर बसायचे. त्यांना मी 'पा' म्हणतो आणि माझी मुलगी झीनिंग 'आ-गोंग' म्हणते, म्हणजे आजोबा. त्यांचे दोन दोस्त आणि बादली धरायला पाच वर्षांची झीनिंग, एवढा लवाजमा. मासा लागला की झीनिंग आधी त्याचं नाव ठेवायची, मग पा तो पाण्यात सोडायचे. एका माशाचं नाव 'मिस्टर क्वेक' होतं. ते माझंच आडनाव. "तोंड तुझ्यासारखंच होतं त्याचं," असं पा मला म्हणाले होते.

ते घर आम्ही विकलं आणि तोआ पायोहला चाळीस वर्षं जुनं, दोन खोल्यांचं घेतलं. दलालाने नकाशावर बोट ठेवून सांगितलं, "नऊशे ऐंशी मीटर. शेजारची इमारत एक हजार दहा. तिथे हेच घर स्वस्तात मिळेल, पण मग कशाला घ्यायचं?" ह्वी पेंगच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या लग्नातही आलं नव्हतं.

"पाच वर्षं विकता येणार नाही हं हे घर," सही करताना मी म्हटलं. तसा कायदाच आहे.

"विकायचंय कुणाला?" ती म्हणाली.

पांची खाट हॉलमध्ये लागली, टीव्ही आणि चपलांच्या कपाटाच्या मध्ये. गळ कपाटामागे गेला.

"शाळा आहे की देव?" पा म्हणाले. "घरदार सोडून पायाशी येऊन बसलात ते!"

"तुमच्या वेळी असं नव्हतं, पा."

"माझ्या वेळी मास्तर घरी यायचा. पोरगं पाठवा म्हणून हात जोडायचा."

झीनिंगचा आठवडाही भरला. सोमवारी चिनी, मंगळवारी मणी-पाटीचं गणित, बुधवारी पोहणं, गुरुवारी इंग्रजी उच्चार, शनिवारी आत्मविश्वास. शेवटच्या वर्गाबद्दल मी विचारलं होतं.

"पहिल्या दिवशी वर्गात उभं राहून नाव सांगावं लागतं," ह्वी पेंग म्हणाली.

"तिला येतं की नाव सांगता."

"आत्मविश्वासाने?"

तसं तर मला स्वतःला अजून येत नाही.

आणि या सगळ्यावर आमच्याकडे एक रामबाण मंत्र होता: "असं केलंस तर शाळा घेणार नाही हं तुला." दात घासायला, दूध संपवायला, मणी मोजायला, सगळ्याला चालायचा. मीसुद्धा वापरला. एकदा तिने लापशीतलं गाजर वेचून खिडकीतून टाकलं, तेव्हा मी म्हटलं, "शाळेला दिसतं सगळं. नऊशे ऐंशी मीटरवर तर आहे." ती खिडकीतून बराच वेळ बघत राहिली. मला तेव्हा तो विनोद वाटला होता.

माझे चाळीस तास शाळेसमोरच्या रस्त्यावर सुरू झाले. सकाळी अर्धा तास पिवळं जाकीट घालून, हातात 'थांबा'ची पाटी धरून लोकांची मुलं रस्त्यापलीकडे सोडायची. मिसेस ओलिवेरो नावाच्या ऑफिसबाई वहीत वेळ लिहून घ्यायच्या. घड्याळ त्यांचं. मी सात वाजून दोन मिनिटांनी पोचलो तर सात पाच लिहायच्या.

"मिस्टर क्वेक, जरा हसा. मुलं बिचकतात तुम्हाला."

"हा माझा हसराच चेहरा आहे."

"मग पाटी जरा चेहऱ्यासमोर धरा."

मी इथे लोकांची मुलं पोचवत असताना माझी मुलगी पांचा हात धरून बालवाडीला जायची. वाटेतल्या कोरड्या गटारापाशी दोघं थांबतात आणि आत मासे आहेत असं समजून नावं ठेवतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

जानेवारीत स्वयंसेवक पालकांची सभा झाली. वर्षभरात पालकांना खुर्चीवर बसायला मिळालं ते तेव्हाच. मुख्याध्यापिका पडद्यासमोर उभ्या राहिल्या. पडद्यावर काचेची एक उंच इमारत, गच्चीवर झाडं, झाडांखाली चार वेगवेगळ्या वर्णांची चार हसरी मुलं. बाई म्हणाल्या, "शाळेला आता भविष्याकडे मोठं पाऊल टाकायचंय. आम्हाला तुमचं मत हवंय. पालक आमच्या सोबत आहेत ना?"

त्या खोलीत साठ पालक होते आणि साठही जणांना सहा महिन्यांत याच बाईंच्या शाळेत प्रवेश हवा होता. त्यांनी शाळा चंद्रावर न्यायची म्हटली असती तरी कुणी तिथल्या हवेबद्दल विचारलं नसतं. मला एवढंच सुचलं की पहिला हात माझा दिसला पाहिजे. तो मी वर केला. वर टाळीही वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. मिसेस ओलिवेरोंनी फोटो काढला.

पडद्यावर खाली अगदी बारीक अक्षरांत चार ओळी होत्या. त्या मी वाचल्या नाहीत. मी विमा कंपनीत नोकरीला आहे. कराराच्या शेवटी येणारी बारीक अक्षरं लिहिणं हेच माझं काम. अठरा वर्षं मी कुणी वाचू नये अशा बेताने लिहितोय. दुसऱ्यांचंही कधी वाचावं, हे मनात आलं नाही.

मार्चमध्ये शाळेचं परिपत्रक आलं. ह्वी पेंगने फोनवर उघडलं आणि जेवणाच्या टेबलाशी मोठ्याने वाचायला घेतलं. "पालकांच्या उत्स्फूर्त पाठिंब्याने..." इथपर्यंत आवाज चांगला होता. "...शाळा दोन वर्षांनी नव्या वास्तूत जाईल. या वर्षीच्या प्रवेशापासूनच घराचं अंतर नव्या जागेपासून मोजलं जाईल." ती थांबली.

"नवी जागा कुठे?" मी विचारलं.

तिने फोन माझ्याकडे सरकवला. पुंगोल. खाली नकाशा होता, नकाशावर कालवा होता, कालव्यालगत एका चौकोनाला हिरवा रंग दिला होता.

पा उठून बघायला आले. चष्मा कपाळावरून खाली घेतला. "हे आपलं बगळ्यांचं मैदान," ते म्हणाले. "आपल्या खिडकीसमोरचं."

ह्वी पेंगने फोन परत ओढून घेतला. मग पा हसायला लागले. खाटेवर बसले, हसता हसता खोकले, पुन्हा हसले. "बगळ्यांना मिळाला रे प्रवेश! एक पैसा न भरता!"

"पा, बस्स," ह्वी पेंग म्हणाली. ती परिपत्रकातला फोटो बोटांनी मोठा करत होती. "हा कोण?"

"सगळ्यांनीच हात वर केला होता."

"तुझा सगळ्यांत वर आहे, हॉक."

"मला काय माहीत, ते कशाबद्दल..."

"विचारलं का नाहीस?"

"तू विचारलं असतंस?"

तिने फोन उलटा करून ठेवला. नसतं विचारलं तिनेही. त्यामुळेच त्या दिवशी आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. झीनिंग टेबलाच्या टोकाशी मणी सरकवत होती. तिचं बोट मधल्या तारेवर थांबलं होतं. आमच्यापैकी कुणी तिकडे पाहिलं नाही.

सत्तावीस तास झाले होते, तेरा राहिले होते. तरी मी जात राहिलो. ह्वी पेंग म्हणायची, "कुणी सांगावं, यंदा लांब म्हणून लोक अर्जच करणार नाहीत." तिला ते खरं वाटत नव्हतं आणि मलाही नव्हतं, पण पिवळं जाकीट रोज रात्रीच इस्त्री होऊन खुर्चीवर लटकत असायचं.

एप्रिलमध्ये रोस्नाचा फोन आला. तिने आणि तिच्या नवऱ्याने आमचं पुंगोलचं घर घेतलं होतं. तिला नळाची मुख्य चावी कुठे आहे ते हवं होतं. सांगितलं.

"आणि अंकल, समोर पत्रे ठोकलेत हो. बगळे गेले सगळे. शाळा येतेय म्हणे."

"ऐकलं."

"आमच्या इन्सिराला यंदाच पहिलीत घालायचंय. समोरच पडेल, रस्ता ओलांडायलाही नको. पण आम्हाला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही एवढे शिकलेले, तुम्हाला माहीत असेल. बरी आहे का ही शाळा?"

टेबलापलीकडून ह्वी पेंग माझ्याकडे बघत होती.

"बरी आहे," मी म्हटलं.

"नाहीतर दुसरीकडे घालू. तिला काय, कुठेही आवडेल."

चाळिसावा तास मेच्या अखेरीस पुरा झाला. मिसेस ओलिवेरोंनी वही मिटली, मला एक पेन दिलं. पेनवर शाळेचं बोधवाक्य होतं. "मिस्टर क्वेक, शेवटी शेवटी तुम्ही हसायला लागला होतात," त्या म्हणाल्या. मला आठवत नाही.

जुलैत निकाल लागला. एक किलोमीटरच्या आतल्यांची चिठ्ठी निघाली आणि तिथेच जागा संपल्या. उरलेल्या जगापर्यंत गोष्ट आलीच नाही. शेजारणीने विचारलं, चिठ्ठीत नाव निघालं नाही का, तेव्हा ह्वी पेंगने तिला "नाही" एवढंच सांगितलं. नाव डब्यात पडलंच नव्हतं, हे सांगायचं राहिलं. झीनिंगला मिळाली आमच्या घराच्या मागची इमारत. दोनशे मीटर. तिथे जागा नेहमीच असतात.

त्या रात्री ह्वी पेंग मुलीला सांगू शकली नाही. मी सकाळी सांगायचं ठरवलं. शनिवार होता, आत्मविश्वासाच्या वर्गाला जायचं होतं. मी खोलीत गेलो तर घर बदलताना आणलेलं पुठ्ठ्याचं खोकं पलंगाखालून बाहेर काढलेलं आणि झीनिंग त्यात खेळणी भरत होती. बाहुली, रंगपेटी, पांनी दिलेलं प्लास्टिकचं आमिष.

"हे काय चाललंय?"

"शाळा गेली ना, पप्पा."

"कुणी सांगितलं?"

"मम्मा रडत होती, तेव्हा आ-गोंग म्हणाले." तिने खोक्यात जागा केली. "शाळा माझ्यामुळे गेली का?"

"छे! शाळा कुणामुळे जात नसते. ते सरकार ठरवतं. जमीन, इमारत, मोठ्या लोकांची कामं..."

ती मान हलवत होती, मी बोलताना ह्वी पेंग हलवते तशी. मग म्हणाली, "मी गाजर टाकलं होतं."

"गाजराचा काही संबंध नाही."

"दोनदा टाकलं होतं. तुम्हाला एकदाचंच माहितीये."

मी खाली बसलो. काहीतरी बोलायला हवं होतं. जन्मभर मला वेळेवर काहीतरी तिरकस सुचत आलंय. त्या वेळी सरळ एक वाक्य हवं होतं आणि ते माझ्यापाशी नव्हतं. मी म्हणालो, "पप्पांनी हात वर केला होता." तिला ते कळलं नाही. कळायचं कारणही नव्हतं.

"मी आता गाजर खाते," ती म्हणाली. "सांगाल का त्यांना?"

"सांगतो," मी म्हटलं.

खोकं मी पलंगाखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बाहेर होतं. मग आम्ही सरकवणं सोडलं. ती खेळून झालं की प्रत्येक वस्तू परत त्यात ठेवते. आमच्याकडे येणाऱ्या बायका म्हणतात, किती नीटनेटकी मुलगी!

जानेवारीत ती पहिलीत गेली. पहिल्या दिवशी आई-बापांना वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभं राहू देतात. बाई तरुण होत्या, आवाज गोड होता. मुलं एकेक करून उठली, नावं सांगितली. काही रडली, एकाने आपलं नाव 'बाबू' सांगितलं. झीनिंग उठली. हात मागे, मान सरळ, आवाज स्वच्छ. "माझं नाव क्वेक झीनिंग. मी सात वर्षांची होणार आहे. मी तुम्हा सर्वांना भेटून आनंदित आहे." ह्वी पेंगने माझा दंड घट्ट धरला. शनिवारचे पैसे वसूल झाले होते.

"शाब्बास!" बाई म्हणाल्या. "तुला काही विचारायचंय का, झीनिंग?"

"हो. ही शाळा कुठे जाणार आहे?"

व्हरांड्यातले सगळे आई-बाप हसले. मीही हसलो, माझं हसू बहुतेक सगळ्यांच्या आधी निघालं. बाईही हसल्या. "अगं, शाळा कधी कुठे जाते का! बस हं खाली."

झीनिंगने एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग ती बसली.

दुपारी तिला आणायला पा गेले होते. घरी आल्यावर त्यांनी तिच्या पाठीवरचं दप्तर काढलं, तर खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ उठले होते. तिने ते वर्गात उतरवलंच नव्हतं. बाईंनी तीनदा सांगितलं, खुंटी दाखवली, तरी नाही. पांनी वळांना तेल लावलं आणि कपाटामागचा गळ काढून कालव्याला जाऊ म्हणाले. कालवा तेरा किलोमीटरवर होता. झीनिंग म्हणाली, उद्या जाऊ, आज मंगळवार आहे, मणी आहेत.

अजूनही ती दप्तर काढत नाही. बाई म्हणतात, होईल सवय.