कोर्टाच्या भिंतीवरची ओळ

या, असे जवळ सरकून बसा. आज एका दगडाची गोष्ट सांगतो.

समुद्रकाठच्या आमच्या गावात कोर्टाच्या उत्तरेकडच्या भिंतीवर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचं राज्यचिन्ह आहे. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला कांगारू, मध्ये ढाल. क्लॅरी व्हिटबर्न नावाच्या म्हाताऱ्या पाथरवटानं ते घडवलं, पण खालच्या पट्टीवर लॅटिन ब्रीद कोरायचं तेवढं राहिलं. अंथरुणावरून तो आपल्या शागिर्दाला, डेसला, म्हणाला, "फार खोल जाऊ नकोस रे. दगड हळवा आहे." आणि गेला.

डेसनं गुरूचा शब्द पाळला, अक्षरं उथळच कोरली. दुपारी परांचीवरून उतरून वर पाहिलं. आमच्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो; ऊन थेट समोरून पडलेलं, पट्टीवर एक अक्षर दिसेना.

"काय कोरलंस, डेस? वारा?" कोर्टाचा कारभार पाहणाऱ्या टिंडलबाई मागे उभ्या होत्या. "सोमवारी चिन्हाचं उद्घाटन आहे. अक्षरांत काळा रंग भर."

"रंगानं दगडाचा श्वास कोंडतो, बाई. आतला खार फुगेल, पोपडे सुटतील. म्हाताऱ्याचं अख्खं काम गळून पडेल हो!"

"मग लोकांनी काय शिडी लावून चाचपायचं? उद्या ऊन चढायच्या आत मीच डबा घेऊन येते."

आल्या. डेस ब्रश धरून परांचीपाशी उभा, चेहरा उतरलेला. तेवढ्यात समुद्रातून सूर्य वर आला आणि त्याचा पहिला तिरपा किरण भिंतीला घासत निघाला. एकेका अक्षराच्या कडेला सावली भरली, दुसरी कड सोन्यासारखी पेटली. अख्खी ओळ दगडातून उठून आली, जणू आताच कुणी उच्चारली!

डेसनं टोपी काढली. "काय लिहिलंय, बाई? मी आपला नमुन्यावरून कोरत गेलो. मला वाटलं, कायद्याचं कलमबिलम असेल."

बाईंनी शाळेतलं लॅटिन आठवत आठवत वाचलं, "ओर्टा रेसेन्स, क्वाम पुरा नितेस. नुकतीच उगवलीस तू, आणि किती निर्मळ झळकतेस!"

"कुणाला म्हणायचं हे?"

"या भूमीला रे." बाईंनी हातातला डबा खाली ठेवला.

"कोर्ट दहाला उघडतं, डेस," मग त्या म्हणाल्या.

"तोवर ऊन समोर येऊन मिटलेलं असेल हे."

"मिटू दे. वाचायचंय त्यानं लवकर उठावं." आणि डबा न उघडताच त्या घरी गेल्या.

तुम्ही कधी भल्या सकाळी तिकडून गेलात, तर भिंतीपाशी क्षणभर थांबा आणि क्लॅरी व्हिटबर्नची आठवण काढा. त्यानं ती ओळ कधीच पाहिली नाही.