भाजीचं पाणी

"तिलाच विचारा ना, काय खायला घातलं ते."

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून काकू आपल्या मोठ्या नणंदेला सांगत होत्या. सांगत कसल्या, पलीकडच्या बाकांनाही ऐकू जावं अशा बेताने बोलत होत्या. 'ती' म्हणजे सून. ती समोरच भिंतीला टेकून उभी होती. चष्म्याच्या दुकानातून तशीच धावत आलेली, गळ्यातलं दुकानाचं ओळखपत्रही काढायचं राहिलेलं. ती काही बोलली नाही. काकूंनी त्याचाही अर्थ आपल्या सोयीचा लावला.

काकांचं मूत्रपिंड वर्षभर कुरकुरत होतं. त्या संध्याकाळी ते खुर्चीतून उठायला गेले आणि पाय पिठाचे असावेत तसे दुमडले. छातीत धडधड. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, पोटॅशियम भलतंच चढलंय, थोडा उशीर झाला असता तर हृदयच थांबलं असतं. नको ते काहीतरी पोटात जातंय, असं म्हणून ते पुढच्या खाटेकडे वळले. नको ते म्हणजे काय, हे काकूंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. मागच्या आठवड्यात नातीच्या वाढदिवसाला सुनेने बेकरीतून केक आणला होता. काकांनी दोन तुकडे खाल्ले होते, तेही बोटं चाटून.

"वन्सं, चाळीस वर्षं यांच्या पोटात माझ्या हातचं सोडून काही गेलं नाही. कधी डोकं दुखलं का विचारा. आणि आता घरात बेकरीची खोकी यायला लागली."

नणंद 'हं' म्हणाली आणि सुनेकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

खोटं काहीच नव्हतं त्यात. काकूंचं रात्रीचं जेवण हे त्या गल्लीत ऐकण्यासारखं प्रकरण होतं. दुसरीतून शाळा सुटली, लग्न झालं, आणि त्यानंतर बाईने एकाच विषयात डोकं घातलं. रोज दुपारी चारला त्या बाजारात. घेवड्याची एकेक शेंग वाकवून बघणार, कोबी हातात तोलून आत पोकळ आहे का याचा अंदाज घेणार. भाजीवाला वैतागून म्हणायचा, "काकू, ती कोपऱ्यातली एक शेंग बघायची राहिली, तिला वाईट वाटेल." काकू तीही बघायच्या आणि परत ठेवायच्या. संध्याकाळी ताटात किमान तीन भाज्या हव्यातच, त्यातली एक पालेभाजी. घरातल्या शेवटच्या माणसाची चप्पल दारात आल्याशिवाय कोणी घास उचलायचा नाही. सुनेला दुकानातून यायला सात वाजत, कधी साडेसात. सगळे थांबत. काकू थांबत आणि बोलतही, पण थांबत.

काका आजारी पडल्यावर काकूंनी त्यांची वेगळी पातेली मांडू दिली नाही. वेगळं पातेलं मांडलं की माणूस आजारी झालाच, असं त्यांचं मत. डॉक्टरांनी सांगितली तशी भाजी सगळ्यांसाठीच चिरायची, भिजवायची, उकडायची. मुलगा कुरकुरला, नातीने तोंड वाकडं केलं, पण लसूण परतून वर घातला की खात सगळे.

काकांना दवाखान्यात ठेवून घेतलं ते दिवस घरातल्या टेबलावर वाईट गेले. सून यायची, आपलं ताट वाढून घ्यायची आणि खोलीत जाऊन जेवायची. आरडाओरडा नाही, भांडी आपटणं नाही. काकू मुलाला ऐकवत, "बोलायला जागा राहिली असती तर बोलली असती." दवाखान्यात काकांनी एकदा सुनेकडे संत्र्याची फोड मागितली, बाजूच्या पेशंटची होती. ती म्हणाली, "नको बाबा. परत माझ्यावर येईल." काकांना कळलं नाही. काकूंना कळलं आणि बरं वाटलं.

काकांना घरी सोडायच्या आदल्या दिवशी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईने घरच्यांना बोलावलं. तरुण पोरगी, केस मागे घट्ट बांधलेले, समोर पाण्याची बाटली. मुलगा, सून आणि काकू तिघं गेले. खुर्च्या दोनच होत्या. सून उभी राहिली.

बाईने विचारलं, घरात स्वयंपाक कोण करतं. काकूंनी पदर नीट केला. मग तिने सकाळपासून रात्रीपर्यंतचं विचारत आणलं आणि काकूंनी सांगत नेलं. गाजर एवढं बारीक, भोपळा सालं काढून, पालक दोनदा पाणी बदलून, मग मोठ्या पातेल्यात बुडेल इतक्या पाण्यात उकड. बाई मान डोलवत होती. म्हणाली, "इतकं नीट कोणी करत नाही, काकू. मी लोकांना सांगून सांगून थकते."

काकूंनी मागे वळून सुनेकडे बघितलं. ऐकलंस ना, असं.

"तरी मग वाढलं कसं," बाई स्वतःशीच पुटपुटली. "आणि ते उकडलेलं पाणी? ते ओतून देता ना?"

"छे," काकू म्हणाल्या. त्यांना हसूच आलं. "मी नाही वाया घालवत. सगळा कस त्यातच उतरतो. थोड्याचं सूप करते, बाकीच्यात भात शिजवते. यांना तर मी वाटीभर जास्तच देते, अशक्तपणा आहे म्हणून."

बाईचा हात बाटलीच्या झाकणावर होता तो तसाच राहिला. तिने आधी मुलाकडे बघितलं, मग काकूंकडे. आवाज आणखी हळू केला, आणि ते जास्त वाईट होतं.

"काकू, भाजी उकडायची ती पोटॅशियम पाण्यात उतरावं म्हणून. जे काढायला सांगितलं होतं, ते त्या पाण्यात असतं. तेच त्यांना मिळत होतं."

पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी कोणाला तरी खुर्ची सरकवायला सांगत होतं. काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. बाई पुढे बरंच काही सांगत राहिली, एक चमचा म्हणजे किती, कुठली भाजी महिन्यातून एकदाच. मुलगा 'हो हो' करत होता. काकूंचं लक्ष मागे होतं. सून आता बोलेल, मग बोलेल. निदान सुस्कारा तरी टाकेल. तिने तेही केलं नाही, आणि काकूंची मान काही वर झाली नाही.

परत येताना रिक्षात मुलगा मध्ये बसला होता. त्याने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस, आई. तू कुठे शिकलेलीस? तुला काय कळणार ते पोटॅशियम-बिटॅशियम."

'मी बाई अडाणी' हे काकूंचं जन्माचं हत्यार. बँकेत जायचं नसलं, फोन शिकायचा नसला, कोणाच्या घरी न आवडणारं खायचं नसलं की ते बाहेर निघायचं. आज पोराने ते प्रेमाने हातात आणून दिलं, तर धरवेना.

"त्यांना कळत होतं," सून म्हणाली. बाहेरच बघत होती. "वर्षापूर्वी डॉक्टर बोलले तेव्हा मी शेजारी उभी होते. पाणी टाकून द्या म्हणाले, दोनदा म्हणाले. आईंनी हो म्हणून मान हलवली. आई अडाणी नाहीत."

मुलगा म्हणाला, "अगं, जाऊ दे ना आता."

काकूंना आठवत होतं. मान हलवताना मनात काय आलं तेही आठवत होतं. या डॉक्टरच्या बायकोने कधी पातेलं हातात धरलंय का, असं आलं होतं. बारीक चिरा म्हणाला ते ऐकलं, कारण ते त्यांना येत होतं. टाकून द्या म्हणाला ते सोडून दिलं. आणि मग रोज संध्याकाळी, ते पिवळसर पाणी भातावर ओतताना, आपण डॉक्टरपेक्षा दोन बोटं वर आहोत असं वाटत होतं.

काका घरी आले त्या संध्याकाळी नणंद भेटायला आली आणि जेवायला राहिली. सुनेने ताट घेऊन खोलीत जायला पाऊल उचललं, तर काका म्हणाले, "कुठे चाललीस? मी काय दवाखान्यातून भिंतीकडे बघत जेवायला आलो?" ती टेबलाच्या कडेला बसली. कोबी, गाजर, कोरडा भात. सूप नव्हतं. नातीने 'सूप का नाही?' असं विचारलं, तेव्हा मुलाने तिच्या ताटात गाजर वाढलं.

दोन घास झाले आणि नणंदेने सुनेकडे बघून सुरुवात केली. "आता तरी बेकरीचं काही घरात आणू नकोस गं. तुझी हौस होते, जीव माझ्या भावाचा जातो."

मुलाने डोळ्यांनी आईला खूण केली, असू दे, मी नंतर सांगेन. सून भात चिवडत राहिली. काकूंना सोपं होतं. नणंदेला पुन्हा महिनाभर यायचं नव्हतं. मुलगा नंतर फोनवर काहीतरी गुळमुळीत सांगेल, अडाणीपणावर ढकलेल, आणि नणंद म्हणेल, चालायचंच. सून तर बोलणारच नव्हती, ते आता काकूंना चांगलं ठाऊक झालं होतं.

"वन्सं," त्या म्हणाल्या. घशात गाजर होतं ते आधी गिळावं लागलं. "तिने काही केलं नाही. मी घातलं यांच्या पोटात. रोज. डॉक्टरने नको सांगितलेलं."

"अगं पण तुला कुठे—"

"सांगितलं होतं मला. चांगलं कळलं होतं. ऐकलं नाही मी. आणि दवाखान्यात चारचौघांत हिचं नाव घेतलं."

नणंद ताटात बघू लागली. मुलाने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. समोरच्यांपैकी कोणाकडे बघावं ते काकूंना समजेना, म्हणून त्या कोबीच्या भांड्याकडे बघत बसल्या. सुनेच्या तोंडावर काही बदललं असेल तर ते त्यांना दिसलं नाही.

काका जेवत होते. त्यांना हे सगळं आत्ता पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी घास संपवला, तोंड पुसलं आणि ताट बायकोच्या बाजूला दोन बोटं सरकवलं.

"कोबी छान झालाय," ते म्हणाले. "अजून थोडा वाढ."

काकूंचा हात सवयीने भांड्याकडे गेला आणि भांड्यावरच थांबला. किती वाढायचं, हे त्यांना उभ्या आयुष्यात कोणाला विचारावं लागलं नव्हतं. त्यांनी मान वर करून सुनेकडे बघितलं.

सूनही त्यांच्याकडेच बघत होती.

"एक चमचा," ती म्हणाली.

काकूंनी चमचा भरला. वर आलेला कोबी भांड्याच्या काठावर निपटून खाली पाडला, चमचा सपाट केला, आणि तेवढाच काकांच्या ताटात वाढला.